व्हर्नचा बटणांचा फोन

व्हर्न ट्रेझाइसनं एकदा हात हातात घेतला की माणूस तो हात विसरत नसे. चामड्याच्या पिशवीत वाळू ठासून भरावी तसा पंजा. उभी हयात त्यानं मेंढ्यांची लोकर कातरण्यात घालवली होती. डाव्या हाताच्या एका बोटाचं पेर यंत्रानं कधीच नेलं होतं आणि उरलेल्या बोटांच्या टोकांवर रेषा म्हणून शिल्लक नव्हती. या हातांनी त्यानं दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मूंटा गावाबाहेर घर बांधलं, एक मुलगी वाढवली, एक बायको मातीआड केली. आणि म्हातारपणी याच हातांपायी ते घर त्याच्याकडून गेलं. कारण काय, तर एक काच.

ही काच त्याला केरिननं, त्याच्या मुलीनं, ख्रिसमसला भेट दिली. गुळगुळीत, साबणाच्या वडीसारखा फोन.

"हे हिरवं गोल दिसतंय ना डॅड, ते वर सरकवायचं."

"सरकवतोच आहे."

"दाबतोयस. सरकव."

"अगं, मेंढी उलटी करून मांडीत धरायला सांग, आत्ता दाखवतो. हे असलं गोंजारणं मला कुठलं जमायला!"

सगळे हसले. पण खरी गोष्ट अशी होती की त्या काचेला व्हर्नची बोटं ही बोटं वाटतच नव्हती. त्यानं बोट ओलं करून पाहिलं, अंगठ्याची कड लावून पाहिली. एकदा वैतागून नाक लावलं, तर नाकानं फोन लागला! पण नाकानं उचललेला फोन कानाशी नेईपर्यंत गालानं बंद व्हायचा. रविवारी संध्याकाळी जेवण आटोपलं की केरिन ॲडलेडहून फोन करायची. टेबलावर तिचा हसरा फोटो उजळायचा, थरथरायचा, आणि व्हर्न दोन्ही हात टेबलावर ठेवून त्या फोटोकडे बघत बसायचा. मग फोटो विझायचा.

कुणी म्हणेल, नाही उचलला फोन तर एवढं काय आभाळ कोसळलं? पण केरिनचं तसं नव्हतं. तिची आई मार्लीन गेली तेव्हा व्हर्न दूर ब्रोकन हिलच्या पलीकडे लोकर कातरायला गेला होता. केरिन त्या दिवशी आईला फोन लावत होती. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलत नाही. तिला वाटलं, आई चॅपलमध्ये प्रार्थनेला गेली असेल. मार्लीन अंगणात कपडे वाळत घालायच्या दांडीखाली पडली होती, टोपलीतली ओली चादर तशीच. वेळेत कुणी गेलं असतं तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. डॉक्टरांनी ते बोलायला नको होतं. तेव्हापासून कुणाचा फोन वाजत राहिला की केरिनच्या डोळ्यांपुढे ती दांडी यायची.

जानेवारीत व्हर्ननं लागोपाठ दोन दिवस फोन उचलला नाही, तशी ती शाळेतलं हातातलं काम टाकून दोन तास गाडी हाकत आली. व्हर्न मांडीवर पेस्टीची, म्हणजे मटण-बटाट्याच्या भाजलेल्या करंजीची, ताटली घेऊन क्रिकेट बघत होता.

"मला वाटलं तू मेलास!"

"मेलो असतो तर आधी टीव्ही बंद केला असता ना."

केरिन हसली नाही. तिनं टीव्ही बंद केला आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसली.

"डॅड, शेजारच्या काडीना गावच्या वृद्धाश्रमात मी तुझं नाव घालून ठेवलंय."

"माझं? मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?"

व्हर्ननं ताटली मांडीवरून खाली ठेवली.

"मी लगेच नेते म्हणत नाही," ती म्हणाली. "पण रोज सकाळी आठच्या आत आपल्या घरच्या ग्रुपवर तुझे दोन शब्द आले पाहिजेत. 'उठलो' एवढं लिही, बास. आणि पडलास, धडपडलास, तर मला सांगायचं. लपवायचं नाही. यातलं एक जरी चुकलं ना डॅड, तर मी सही करणार. मला ती दांडी पुन्हा बघायची नाही."

व्हर्ननं मान हलवली. आता दोन शब्द लिहायचे कशानं, हा प्रश्न. गावच्या दुकानात म्हाताऱ्यांसाठीचे मोठ्या बटणांचे फोन होते, पण त्यांत ग्रुप नव्हता. घरच्या जुन्या फोनची तार जमिनीखाली कुजली होती आणि कंपनीनं ती काढूनच टाकली होती.

तेवढ्यात मोंटानाहून ऑर्व्हिल लुंडचा फोन आला. तरुणपणी व्हर्न पाचसहा वसंत ऋतू अमेरिकेत कातरणीला गेला होता, तेव्हापासूनची ही दोस्ती. नवं वर्ष लागलं की ऑर्व्हिल फोन करणारच, या वर्षी जरा उशिरा केला इतकंच. लिंडसे हाइनरिख, म्हणजे शेजारचा मसूरवाला शेतकरी, बांधावर उभा होता. त्यानं स्वतःच्या बोटानं फोन उचलून व्हर्नच्या कानाला लावून दिला.

"काचेवर? छे!" ऑर्व्हिल तिकडून गरजला. "माझी बोटं तुझ्याहून वाईट रे. मी बटणांवर लिहितो. खाली खरीखुरी बटणं, एकेका अक्षराची, दाबलं की कट् वाजतं. आणि बाकी सगळं त्या काचवाल्या फोनसारखंच. नातवंडांचे फोटोसुद्धा येतात."

लिंडसेनं शोधाशोध केली. फोन होता, पण कंपनी लहान, विकायची फक्त अमेरिकेत. ऑस्ट्रेलियाचा पत्ता घातला की पुढे जाऊच द्यायची नाही.

"त्यात काय," ऑर्व्हिल म्हणाला. "माझ्या पत्त्यावर मागवतो आणि तुला पाठवतो. पैशांचं नाव काढशील तर दोस्ती तुटली समज."

आणि त्यानं पाठवला. पण पाठवताना या भल्या माणसानं काय करावं? फोन वाटेत आपटू नये म्हणून खोक्यात मऊ काहीतरी हवं. दुसऱ्या कुणी वर्तमानपत्र चुरगळून भरलं असतं. ऑर्व्हिलनं गोठ्यात जाऊन स्वतःच्या मेंढ्यांची लोकर आणली, न धुतलेली, मेणचट, काट्याकुसळांसकट, आणि त्यात फोन पक्ष्याच्या अंड्यासारखा बसवला. आता आमच्या ऑस्ट्रेलियात विमानतळावर कुणी सफरचंद आणलं तरी तपासणीचा कुत्रा येऊन पायाशी बसतो. तिथे परदेशी मेंढीची कच्ची लोकर! खोकं अडकलं. तोवर रोज सकाळी लिंडसेच येऊन व्हर्नचं 'उठलो' काचेवर लिहून देत होता. बऱ्याच दिवसांनी तपासणी खात्यातल्या एका साहेबांचा फोन आला. व्हर्ननं तो नाकानं उचलला आणि मान तशीच वाकवून टेबलाशी तोंड नेऊन बोलला.

"मिस्टर ट्रेझाइस, तुमच्या पार्सलमध्ये प्राण्याचे केस सापडलेत."

"केस कसले साहेब, लोकर आहे ती."

"ती नष्ट करावी लागेल. तुमची संमती हवी."

"कशी होती हो? लांब धाग्याची?"

"काय?"

"काही नाही. जाळा. फोन तेवढा सोडा."

फोन मार्चमध्ये घरी आला. त्याला मेंढीचा वास येत होता. व्हर्ननं तो कितीतरी वेळ नाकाशी धरला.

चार्जरची अमेरिकेची पिन आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसेना. लिंडसेनं पक्कड आणली आणि तिचे दोन्ही पाय तिरके करून दिले.

"हे चालतं का रे?" व्हर्ननं विचारलं.

"चालायला काय झालं? सगळे असंच करतात."

आणि चाललंही. दुसऱ्या सकाळी व्हर्ननं चष्मा लावला, जीभ दातांत धरली आणि एकेक बटण दाबत लिहिलं: 'ऊन छान. अंडी खाल्ली.' कट्, कट्, कट्. आयुष्यात त्यानं स्वतःच्या बोटांनी कुणाला लिहून पाठवलेला हा पहिला निरोप. केरिननं उत्तरात एक भलंमोठं लाल हृदय पाठवलं. रविवारी तिचा फोन आला तो त्यानं पहिल्या घंटेला उचलला, आणि केरिननं पलीकडून दोनदा विचारलं, डॅड, तूच ना?

त्या फोनवर व्हर्ननं फार सुखाचे दिवस काढले. म्हाताऱ्याला गप्पांचा नाद लागला. लिंडसेच्या कोठीतल्या मसुराला लागलेली कीड, चॅपलच्या पत्र्यावर बसलेले काकाटू पोपट, सगळं तो ग्रुपवर कळवायचा.

मग एप्रिलअखेरची ती सकाळ. त्यानं तीनच म्हाताऱ्या मेंढ्या ठेवल्या होत्या, कातरणीची सवय जात नाही म्हणून. केरिननं सक्त ताकीद दिली होती: मेंढी धरायची नाही. पण एकीच्या शेपटीखाली माश्या बसायला लागल्या, आता अळ्या पडणार, आणि ते बघून गप्प राहणारा माणूस कातरणारा नव्हे. त्या दिवशी गावातल्या हेझल रॉडा या म्हातारीचं दफन होतं. दहाला चॅपलमध्ये जायचं, त्याच्या आत हे उरकू म्हणून तो शेडमध्ये गेला. मेंढीनं एक हिसडा दिला. फळ्या लोकरीच्या तेलानं वर्षानुवर्षं गुळगुळीत झालेल्या. व्हर्न आडवा झाला, आणि बरगड्यांमध्ये काहीतरी काटकी मोडल्यासारखं वाजलं. श्वास घेता येईना.

फोन छातीच्या खिशात होता. त्यानं काढला. बटणं होती म्हणून न बघताही शून्य सापडलं. तीनदा दाबलं, मदतीला बोलवायचा आमच्याकडे तोच नंबर.

"पोलीस, अग्निशमन की रुग्णवाहिका?" एका बाईचा आवाज, अगदी स्वच्छ, जवळ बसल्यासारखा.

व्हर्ननं तोंड उघडलं आणि त्याच्या मनात आलं, रुग्णवाहिका चालवणारी माणसं कोण? बेकरीवाला आणि शाळेचा माळी. बिनपगारी, गावासाठी म्हणून करणारी. आणि ते दोघे आज कुठे हवेत? दहाला हेझलच्या पेटीला खांदा द्यायला. आत्ता ते आपल्याला घेऊन इस्पितळात गेले की पेटीला दोन खांदे कमी पडणार, सगळं चॅपल का म्हणून विचारणार, आणि संध्याकाळपर्यंत केरिनला कळणार. मग सही.

"माफ करा हं बाई," तो म्हणाला, "चुकून लागला. सगळं ठीक आहे." आणि त्यानं फोन बंद केला.

तो तिथेच पडून राहिला. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हणायला लागला, अर्ध्यावर शब्द चुकले, तर पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. मेंढी कोपऱ्यात उभी राहून बघत होती. मग त्याला आठवलं, आठ वाजत आले. आजचे दोन शब्द राहिलेत. फळीवर पडल्या पडल्या, फोन छातीवर धरून, त्यानं एकेक बटण दाबलं. 'ऊन छान. अंडी खाल्ली.'

लाल हृदय आलं.

त्या दिवशी व्हर्न चॅपलमध्ये दिसला नाही. विचारलं तर म्हणाला, झोप लागली. फक्त लिंडसेला खरं काय ते कळलं होतं. त्यानंच बरगड्यांना पट्टा आणून दिला आणि तोंडाला कुलूप लावलं. महिन्या-दीड महिन्यात व्हर्न पुन्हा ताठ चालायला लागला. देवानं निभावून नेलं, असं त्याला वाटलं.

जून-जुलैच्या हिवाळ्यात फोन लावला की पलीकडचा माणूस बोलायच्या आधी एक ध्वनिमुद्रित बाई बोलायला लागली: मोबाइलचं जुनं थ्रीजी जाळं ऑक्टोबरअखेर बंद होणार, तुमचा फोन त्यानंतर चालणार नाही. व्हर्न तिला म्हणायचा, "चालतोय की ग बाई." पण ती काही ऐकायची नाही. शेवटी सुट्टी काढून केरिन आली आणि दोघं काडीन्याच्या फोनच्या दुकानात गेली.

काउंटरवरच्या पोरीनं पडद्यावर नाव वाचलं आणि जन्मभराची ओळख असल्यासारखी बोलायला लागली.

"हं, व्हर्न, हा फोन तुम्ही इथे घेतलेला नाही."

"मोंटानाहून आलाय. लोकरीत बसून."

"आमच्या यादीत नाही हा. आता असा नियम आहे, की ज्या फोनवरून तीन शून्यं लागतील याची खात्री नाही, तो आम्हाला पूर्णच बंद करावा लागतो. तुमच्याच सुरक्षिततेसाठी."

"म्हणजे मला मदत मागता येईल की नाही याची खात्री नाही, म्हणून मला कुणाशीच बोलू द्यायचं नाही?"

पोरगी ओशाळली. "नियम मी नाही हो केला."

"तिला कशाला बोलतोस, डॅड," केरिन म्हणाली. "दुसरा घेऊ."

"दुसरा?" व्हर्ननं काउंटरवर मांडलेल्या काचांच्या रांगेकडे पाहिलं. सगळ्या साबणाच्या वड्या. त्याचा आवाज चढला. घरासकट सगळं याच्यावर टांगलेलं होतं. "खात्री कशी नाही? लागतात यावरून तीन शून्यं! मला माहीत आहे!"

"करून बघता येत नाही ना पण, व्हर्न. उगीच लावणं गुन्हा आहे."

"उगीच नव्हता लावला! एप्रिलमध्ये लावला होता मी. बाईनं उचलला, माझ्याशी बोलली, शब्द न् शब्द ऐकू आला!"

बोलून गेला. त्यानं केरिनकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"एप्रिलमध्ये?" केरिननं विचारलं. आवाज अगदी हळू. "कशाला लावला होतास, डॅड?"

व्हर्ननं फोन उचलून खिशात ठेवला, पुन्हा काढला, काउंटरवर ठेवला.

"कशाला?"

"मेंढीनं जरा ढकललं."

पोरगी बिचारी मधेच म्हणाली, "पण व्हर्न, एप्रिलमधला तो फोन जुन्या जाळ्यावरून लागला असणार. तेच तर बंद होतंय. त्यानं काही सिद्ध होत नाही." तिला मदत करायची होती. पण खरं सांगून व्हर्नला तेवढंही मिळालं नाही.

परतीच्या वाटेवर केरिननं गाडी मसुराच्या शेताकडेला थांबवली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून रडली. व्हर्ननं रुमाल पुढे केला. तिनं घेतला नाही.

"किती वाजता पडलास?"

"सकाळी. बरगड्या जरा मोडल्या."

"त्या दिवशी सकाळी तुझा मेसेज आला होता. रोज आला. एक दिवस चुकला नाही."

"हो."

"कुठून लिहिलास तो?"

व्हर्न खिडकीबाहेर बघत राहिला. "शेडमधून."

"खाली पडून? बरगड्या मोडून? अंडी खाल्ली म्हणून लिहिलंस मला?"

"खोटं नव्हतं ते," व्हर्न म्हणाला. "दुपारी खाल्ली."

केरिननं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यापेक्षा तिनं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "इतके महिने मी त्या दोन शब्दांवर निर्धास्त झोपत होते," ती म्हणाली. "सकाळी ते आले की मी चहा करायची. आता तू काहीही लिहिलंस तरी मी काय समजायचं, सांग."

तिची चूक होती असं म्हणवत नाही, आणि त्याचीही नव्हती असं म्हणवत नाही. तिनं त्याच आठवड्यात सही केली.

ऑक्टोबर सरला आणि ठरल्याप्रमाणे फोन मुका झाला. नोव्हेंबरात लिंडसेच्या गाडीतून व्हर्नचं सामान काडीन्याला गेलं. तीन मेंढ्या लिंडसेनं ठेवून घेतल्या. निघताना व्हर्ननं त्यांच्या पाठीवर हात ठेवून लोकर दुभंगून पाहिली, धागा कसा आहे तो, आणि गाडीत बसला. घर एका ॲडलेडच्या जोडप्याला गेलं. त्यांना शेडमध्ये पाहुण्यांसाठी खोली करायची होती. जुन्या फळ्या छान दिसतील म्हणाले.

आश्रमात वाईट काही नव्हतं. स्वच्छ खोली, वेळेवर जेवण, शुक्रवारी मासे. व्हर्नच्या गळ्यात त्यांनी दोरीनं एक बटण घातलं, मोठं, लाल. दाबलं की माणूस धावत येतो. केरिननं ते स्वतः दाबून पाहिलं आणि तिच्या खांद्यांवरचा भार उतरलेला व्हर्नला दिसला. इतक्या वर्षांनी तिचा चेहरा मोकळा झाला होता. त्यालाही बरं वाटलं, ते खोटं नाही.

आश्रमात भिंतीतून इंटरनेट येत होतं, त्यामुळे मुक्या फोनवर बोलता येत नसलं तरी ग्रुप चालत होता. पहिल्या सकाळी व्हर्न सवयीनं आठच्या आत उठून बसला आणि बटणं दाबली. 'ऊन छान. अंडी खाल्ली.' खरीच खाल्ली होती, इथे सातलाच देतात. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही लिहिलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी केरिनचा निरोप आला: 'डॅड, आता रोज लिहायची गरज नाही रे. तिथे बघायला माणसं आहेत ना. तू आराम कर.'

रविवारचा फोन खोलीतल्या टेबलावरच्या फोनवर यायचा. त्याला बटणं होती. पहिल्या रविवारी आला. मग एका आड एक यायला लागला. शाळा असते, मुलं असतात, आणि काळजी उरली नाही की फोनही मागे पडतो. तिला दोष कसा द्यायचा? ती इतकी वर्षं भीतीपोटी फोन करत होती, ती भीती आता त्या लाल बटणानं आपल्याकडे घेतली होती.

डिसेंबरात एका सकाळी, आठला थोडा वेळ असताना, व्हर्न खिडकीशी बसला होता. बाहेर ऊन खरंच छान होतं. अमेरिकेचा फोन कपाटात होता. त्यानं गळ्यातली दोरी ओढली, बटण हातात घेतलं, आणि अंगठ्यानं दाबलं. त्याच्या अंगठ्याला ते कळलं. बटण होतं ना.

लगेच पावलं वाजली. नेपाळची एक मुलगी होती तिथे, सुजिता. ती धापा टाकत दारात आली.

"काय झालं व्हर्न? पडलात? छातीत दुखतंय?"

"नाही ग पोरी."

"मग?"

"ऊन छान आहे," व्हर्न म्हणाला. "अंडी खाल्ली."

सुजिता दाराला टेकून श्वास आवरत राहिली. तिला अजून सहा खोल्या करायच्या होत्या.

"व्हर्न, हे बटण यासाठी नसतं हो," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," व्हर्न म्हणाला, आणि त्यानं ते शर्टाच्या आत सोडलं.